तो प्लग कोणी काढला, बाई?

बाई, आज सकाळी भाऊजींना चहा हवा होता आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

म्हणजे मी होते. ते ओसरीवर, मी स्वयंपाकघरात, मधे एक भिंत. ते खोकले. पेपर उलटला, परत खोकले. तो चहाचा खोकला होता हे मला कळत होतं, पण मला कळून उपयोग काय? मी घरात आले तेव्हापासून ते तुम्हाला म्हणायचे, "कुसुमले चहा ठेव म्हण." मी तिथंच उभी, शब्दन् शब्द ऐकलेला. तरी तुम्ही वळून मला म्हणायच्या, "कुसुम, चहा ठेव वं." मग मी ठेवायचे. साखर कमी झाली हेही तुमच्याच तोंडून यायचं आणि डबा संपला होता हे उत्तरही तुमच्याच तोंडून जायचं. धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, पदर घ्यायचा, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, हे मी माहेरी उमरेडला शिकून आले होते. तुम्ही, थोरल्या जाऊबाई, आमच्या दोघांमधलं टपाल होत्या. आता ते टपाल बंद झालं.

शेवटी मी न सांगता चहा केला आणि कप उंबरठ्यावर ठेवून आत आले. ते उठले, कप घेऊन गेले. तुमची तेरवी होऊन पाहुणे पांगले, आमचे हे खापरखेड्याला ड्युटीवर गेले. घरात उरलो आम्ही दोघं, एकमेकांशी न बोलणारे. तुम्ही जाताना याचा काही विचार केला होता का हो?

मी चिडलेली आहे तुमच्यावर, आधीच सांगते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण आपण दोघी कधी एकमेकींशी नुसतं चांगलं बोललो? तुम्ही माझ्या वरणाच्या मिठाला नावं ठेवली, मी तुमच्या पोळ्यांना नकाशे म्हणाले. तेव्हा आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हालाच संशय येईल.

चिडण्याचं कारण तो प्लग. परवा तेरवीच्या पंगतीत कोणीतरी भाऊजींना म्हणालं, पोळ्याच्या दिवसाची ती मोटारीची गोष्ट सांगा, बाईंना फार आवडायची. भाऊजींनी सुरुवात केली. खड्डा आला, गिअरबॉक्सचा प्लग आला, तो कसा हलेना ते आलं. पुढं "मी जेवून उठलो," इतकं म्हणाले आणि थांबले. लोक वाट पाहत राहिले. ते पाण्याचा पेला उचलून मोरीकडं गेले. ती गोष्ट त्यांनी अर्ध्यावर सोडलेली मी पहिल्यांदा पाहिली. आणि मला वाटलं, बरंच झालं, नाहीतरी ती खोटीच आहे. मग माझंच मला कसंतरी झालं.

ती गोष्ट खरी कशी होती ते तुम्हाला आणि मला माहीत. आता एकटी मला माहीत. म्हणून एकदा तुमच्याच पुढ्यात पहिल्यापासून सांगते, चुकले तर टोका. टोकल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही.

नागपूरच्या टिमकीतल्या या घरात माग चालायचे ते मी पाहिले नाहीत. मी आले तेव्हा ते मोडीत गेलेले होते आणि भाऊजी साड्यांच्या धंद्यात पडलेले होते. कामठी, उमरेड, सगळीकडं गठ्ठे पोचवायला त्यांनी ती जुनी मोटार घेतली. मागघराची पुढची भिंत पाडून दार केलं आणि मोटार थेट मागाच्या खड्ड्यावर उभी करायला लागले. ज्या खड्ड्यात पाय सोडून सासरे विणायला बसायचे, त्यातच उतरून भाऊजी मोटारीचं पोट साफ करायचे. खड्डा त्यांनी थोडा रुंद करून घेतला होता, तरी एकाच माणसापुरता आणि तोही उजव्या भिंतीला लागून.

आणि पोळा आला की त्यांच्या अंगात यायचं. सगळा मुलूख बैल धुतो, शिंगं रंगवतो, झुली घालतो. आपल्याकडं बैल कुठला? मग मोटार. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात तसं भाऊजी तिच्या नाकाडाला हळद-लोणी लावायचे. सकाळी आंघोळ, हार आणि सगळं तेल नवीन. इंजिनाचं, गिअरबॉक्सचं, सगळं. मिस्त्रीला हात लावू द्यायचे नाहीत, बैलाले दुसऱ्याच्या हातानं तेल लावते का कोणी, म्हणायचे. तुम्ही पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची लेक. तुम्हाला हा लोखंडाचा पोळा पाहून इतकं हसू यायचं की तुम्ही घरात जाऊन हसायच्या.

नेमका त्या वर्षी आपला अबोला होता. कशावरून, ते विसरल्याचं तुम्ही नेहमी सोंग घ्यायच्या, म्हणून सांगते. माझ्या बाबांनी तुमच्यासाठी साडी विणून पाठवली होती. डोळे अधू झालेले, हात थरथरणारे, त्यांनी विणलेली ती शेवटची. तुम्ही घडी मोडली, शेजारणींसमोर धरली आणि म्हणाल्या, "किनार थोडी वाकडी आली, नाही का?" झालं. मी त्या दिवसापासून तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हीही वाकल्या नाहीत. एक चूल, दोन बायका, आणि लाटण्याच्या आपटण्यावरून कळायचं कोण किती तापलंय ते. भाऊजींशी रीत म्हणून बोलायचं नाही, तुमच्याशी राग म्हणून बोलायचं नाही, नवरा तिकडं पाळीवर. मी बोलत होते फक्त दूधवाल्याशी.

किनार सरळ होती, बाई. आजही सांगते.

तर पोळ्याची सकाळ. पुरण शिजत होतं. भाऊजी खड्ड्यात. तेवढ्यात तुमचा भाऊ नामदेव दारात उभा राहिला, चिखलानं भरलेला, आणि त्याचा चेहरा पाहून तुमच्या हातातला डाव खाली गेला. तुमच्या आईला श्वास पुरत नव्हता. पारशिवनीला दाखवायला आदल्या दिवशी गाडी जुंपायला निघाले तर म्हातारी अडून बसली. खांदमळणी झालेल्या बैलायच्या मानेवर मी बसणार नाही, मेली तरी चालेल. शेवटी पहाटे डॉक्टरच सायकलवरून गावात आला आणि त्यानं सांगितलं, आजच्या आज नागपूरच्या दवाखान्यात न्या. एसटीत बसण्यासारखी तिची गत नव्हती. आडवी घालूनच आणायला पाहिजे होती. नामदेव त्यासाठीच आला होता. जवाईबुवांची मोटार होती ना.

भाऊजी खड्ड्यातून ओरडले की दहा मिनिटांत निघू, जुनं तेल सोडून झालंय, नवीन घातलं की झालं. जुनं तेल घमेल्यात काळंशार पडलेलं मलाही दिसत होतं. गिअरबॉक्सला दोन प्लग, खालचा तेल सोडायचा, बाजूचा तेल भरायचा. कोणताही मिस्त्री आधी भरायचा प्लग उघडून पाहतो आणि मगच खालचा सोडतो. भाऊजींनी सणाच्या उत्साहात आधी खालचाच सोडला. आणि आता बाजूचा हलेना. तेल बाहेर, आत घालायला वाट नाही. अशी कोरडी नेली तर कन्हानचा पूल यायच्या आत गिअरचे दात झडतील, असं ते नामदेवला म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज उतरलेला होता.

मिस्त्री पोळ्याला गावी गेलेला. नामदेव चौकात जाऊन भाड्याची गाडी पाहून आला, सणाचं कोणी नव्हतं. भाऊजींनी पान्याला लांब पाइप अडकवला आणि असा जोर लावला की अख्खी मोटार हलली. प्लग तसाच. परत. तसाच. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला. नामदेव बाजूला उभा राहून एकदा घड्याळाकडं, एकदा रस्त्याकडं बघत होता. तुम्ही आत येऊन पाट्यावर पुरण वाटायला बसल्या. वाटून झालेलं पुरण तुम्ही परत वाटत होत्या. रडत नव्हत्या. तुमचं ते न रडणं मला पाहवत नव्हतं, पण अबोला होता ना.

मधल्या खिडकीतून मला खड्डा दिसत होता. थोडा वेळ पाहिलं आणि कळलं. भाऊजी प्लग उलटा फिरवत होते. सोडवत नव्हते, आवळत होते. प्लग गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला, त्याचं तोंड पलीकडं. खड्डा उजव्या भिंतीशी, म्हणून भाऊजी अलीकडून हात लांबवून, प्लगाच्या पाठीमागून पाना फिरवत होते. पाठीमागून पाहिलं की डावं-उजवं बदलतं. मी विणकराची पोर. पदराची बुट्टी काढताना विणणाऱ्याच्या डोळ्यासमोर कापडाची उलटी बाजू असते, सुलटी खाली जमिनीकडं. डोळ्याले डावं दिसलं तं हातानं उजवं समज, हे बाबांनी मला सुताच्या कांड्या भरायच्या वयात शिकवलेलं. आणि भाऊजी? तेही विणकराचेच. पण घाईत आणि घाबरलेले.

आता सांगायचं कोणाला? त्यांच्याशी बोलायची रीत नाही, तुमच्याशी बोलायचं नाही. मग मी आपलं लेकी बोले सुने लागे केलं. चुलीवरच्या पातेल्याला म्हणाले, उलट्या बाजूनं काम करताना माणसानं हात उलटा चालवावा. तुम्हाला वाटलं मी साडीचंच काढतेय. तुम्ही पाट्याला म्हणाल्या, "आज तरी किनारीचं काढू नये माणसानं. माझी माय तिकडं..." आणि तुमचा आवाज फुटला.

अबोला मी मोडला, बाई. हे तुम्ही कधी कबूल केलं नाही. मी जवळ बसून म्हणाले, "किनारीचं नाही म्हणत. भाऊजी प्लग आवळून राहिले."

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. फळीवरची लोणच्याची बरणी उचलली, बूड आपल्याकडं करून धरली आणि झाकण एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवून पाहिलं. मग बरणी जागेवर ठेवली. तुमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा असं काही पाहिलं की ज्याच्यावर मला राग धरता येईना.

मी म्हणाले, जा, सांगा लवकर. तुम्ही जागच्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "नामदेवच्या देखत नाही सांगत. माझ्या माहेरचा माणूस उभा आहे तिथं. त्याच्यापुढं ह्यायची चूक काढू का मी?"

माझं डोकंच फिरलं. आई तिकडं श्वासाला झगडतेय आणि हिला नवऱ्याच्या मानाची पडलीय. तसं मी म्हणालेही. माय मोठी का मालकाचा मान मोठा, बोला. तुम्ही उठत उठत म्हणाल्या, "दोन्ही." आणि पदर खोचून मागघराच्या दारात जाऊन अशा आवाजात म्हणाल्या की मला वाटलं ही खरंच रागावली. अवो, वर या, उपाशी हातानं लोखंड निघत नाही, दोन घास खा, माझा भाऊही कालपासून उपाशी आहे. भाऊजी कुरकुरले. तुम्ही ऐकता होय? दोघांना आतल्या खोलीत पाटावर बसवलं, ताटात पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी, आणि ताट पुसल्याशिवाय कोणी उठायचं नाही असा दम देऊन दार ओढून घेतलं.

मग आपण दोघी.

आमच्यात बायका कांड्या भरतात, तासनाच्या उभ्या सुताला हात लावतात, पण मागाच्या खड्ड्यात उतरत नाहीत. मी उतरले. तुम्ही आंघोळीचं उकळतं पाणी आणलं, फडकी भिजवून भिजवून माझ्याकडं सरकवली, मी ती प्लगाभोवती दाबली. बोटं भाजली. मग तुम्ही रॉकेलचा दिवा उपडा करून थोडं त्याच्यावर सोडायला लावलं, माहेरी बैलबंडीच्या चाकाची गंजलेली चाकी, म्हणजे नट, अशीच सोडवतात म्हणाल्या. खलबत्त्यातला बत्ता घेऊन मी हळूहळू ठोकलं. पाना बसवला आणि निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. तुम्ही पलीकडून पोतं टाकून जमिनीवर उताण्या पडल्या आणि दोन्ही पाय पाइपाला लावले. इतकी धिप्पाड बाई, नऊवारीत, मोटारीखाली. दुसरा कुठला दिवस असता तर मी हसून मेले असते.

कोणीकडं, तुम्ही विचारलं. मी म्हणाले, तुमच्या डोक्याकडं नाही, पायाकडं, रेटा. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा माझ्या हाताखाली पाना थरथरला. तिसऱ्यांदा तुम्ही "माय वं" म्हणाल्या आणि कड् असा आवाज आला. मला वाटलं पाइप मोडला. प्लग हलला होता.

मी भराभर फिरवायला लागले. आणि तुम्ही मोटारीखालून हात घालून माझं मनगट धरलं. "थांब. परत बसव त्याले. हातानं बसते तेवढाच."

वेड लागलं का, मी म्हणाले.

"निघते हे आपल्याले समजलं ना? आता ह्यायले काढू दे."

तुमचं ते मनगट धरणं मला अजून आठवतं. रॉकेलचा वास, काळे हात, आणि तुमचे डोळे अगदी शांत. दात-ओठ खात मी प्लग परत बसवला. पण भाऊजी आले आणि पुन्हा उलटाच फिरवायला लागले तर? ते मला सुचलं, तुम्हाला नाही. पाना मी प्लगावर असा अडकवून ठेवला की वरच्या अंगाला मोटारीचं लोखंड आडवं येत होतं आणि फिरवायला एकच बाजू मोकळी राहिली. मग आपण फडकी, बत्ता, पोतं उचलून आत पळालो, हात धुतले आणि भात शिजला का पाहत असल्यासारख्या चुलीपाशी उभ्या राहिलो.

भाऊजी ढेकर देत आले. खड्ड्यात उतरले. थोडा वेळ काहीच आवाज नाही. इतका वेळ की मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग "निघाला!" म्हणून ओरडले. वर आले ते प्लग मुठीत धरून. नामदेव म्हणाला, वा जवाईबुवा. तुम्ही पदर तोंडाला लावून आत वळल्या.

तेल भरून तुम्ही निघाल्या. पुढचं मी तुमच्याकडूनच ऐकलेलं. म्हातारीला बाजेवर अंगणात आणलं आणि तिला मोटारीवरचा झेंडूचा हार दिसला. म्हणाली, यालेही हार घातला म्हणजे हाही बैलच, आज नाही जुंपत. नामदेव डोकं धरून बसला. तुम्ही मोटारीचा हार काढला, गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "आता हा बैल, आणि ते लोखंड. बस माय." म्हातारी बसली. वेळेवर पोचली. दवाखान्यातून घरी आली ती आपल्याच घरी, आणि त्यानंतर कितीतरी पोळे तिनं इथं बसून पुरणपोळी खाल्ली आणि तूप कमी पडलं म्हणून तुम्हाला बोलली.

आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना बाबांची साडी नेसल्या. मी पाहत होते हे तुम्हाला माहीत होतं. किनार वाकडीच आहे म्हणाल्या, पण अंगाला बरी बसते. असं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्या दिवसापासून ती गोष्ट भाऊजींची झाली. दर पोळ्याला ते पंगतीत सांगणार. मी जेवलो, डोकं थंड केलं, लोखंडाशी भांडायचं नसते, एक झटका दिला. वर्षागणिक झटका मोठा होत गेला. आपण दोघी आत पोळ्या लाटत असायचो आणि तुम्ही पदराचा बोळा तोंडात कोंबून हसायच्या, खांदे हलायचे, डोळ्यांतून पाणी. मीही हसायचे, पण माझ्या पोटात दुखायचंही. सगळ्या जन्मात एक काम असं केलं होतं की कोणी वा म्हणावं. तेही भाऊजींच्या नावावर.

किती भांडलो आपण त्यावरून! सांगून टाका आता, आता काय बिघडते, मी म्हणायचे. त्यानं का होते, तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायचे, माझी अर्धी वाटणी आहे त्यात. जोर माझा, तुम्ही म्हणायच्या. दिशा माझी, मी म्हणायचे. दिशेनं कुठं लोखंड हलते का वं? आणि उलट्या दिशेनं रेटलं असतं तर, मी म्हणायचे. मग तुम्ही म्हणायच्या, मी मेल्यावर सांग. तेव्हा मला राग यायचा. आता तर परवानगी मिळाली, घ्या.

तुम्ही अंथरुणावर होत्या तेव्हा मी उशाशी बसून काय बोलले? पेज घ्या, कूस बदला, औषधाची वेळ झाली. बोलायचं दुसरंच होतं. उमरेडहून आले तेव्हा या घरात माझं कोणी नव्हतं, नवरा पाळीवर, भासरे रीतीमागं, तुम्ही रागामागं. त्या खड्ड्यात उतरले आणि वर आले तेव्हा तुम्ही माझ्या होत्या. त्यानंतर तुम्ही किती टोचून बोलल्या तरी मला ते लागलं नाही. मला तुमची फार गरज होती, बाई. हे मी म्हणाले नाही. म्हणाले असते तर तुम्ही म्हणाल्या असत्या, पेज उतू चालली बघ.

आता आज काय झालं ते ऐका.

चहाचा कप परत उंबरठ्यावर आला नाही म्हणून मी मागघराकडं गेले. भाऊजी मोटारीपाशी उभे होते, माझ्याकडं पाठ. कप मोटारीच्या नाकाडावर. पावलांचा आवाज आला तरी वळले नाहीत. आणि म्हणाले, "कुसुम."

बाई, माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी असं ऐकलं नव्हतं. तुम्हाला सांगताना म्हणायचे, मला हाक मारताना कधीच नाही. मी पदर पुढं ओढला आणि दाराला धरून उभी राहिले.

ते मोटारीकडंच पाहून बोलत होते. "त्या दिवशी जेवायले उठलो तेव्हा पाना मी काढून काठावर ठेवला होता. परत आलो तं तो प्लगावर लागलेला. लोखंड गरम होतं. खड्ड्यात रॉकेलचा वास. मी तिथंच समजलो."

नाकाडावरचा कप सरकवत ते म्हणाले, "तरी दरवर्षी सांगत गेलो. ती आतून हसायची. तिले वाटे मले ऐकू येत नाही." आणि मग, "तेरवीले सांगायले बसलो आणि आतून काही आवाज आला नाही."

ते रडत होते का मला दिसलं नाही. मी रडत होते.

मग त्यांनी विचारलं. अगदी साधं, जसं कोणी साखर कुठं आहे विचारावं. "आता खरं सांग. तो प्लग कोणी काढला? तिनं का तू?"

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी तुमच्याशी भांडले, ते मला कोणी पहिल्यांदा समोरून विचारत होतं. रीत मोडून, माझं नाव घेऊन. माझं अर्धं माझ्या तोंडाशी आलेलं होतं.

मी म्हणाले, "बाईंनी."

भासऱ्याशी मी बोललेला हा पहिला शब्द. त्यांनी मान हलवली. मले तसंच वाटे म्हणाले.

आणि मी तशीच उभी राहिले, बाई. वाटलं, तुम्ही आता आतून ओरडाल, खोटं काहून बोलतं वं कुसुम, दिशा तुझी होती. मी वाट पाहिली. भाऊजीही स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होते. आतून काही आवाज आला नाही.